सँडी हुकनंतर: बंदुकीचा हक्क आणि ‘असं काही घडलंच नाही’ म्हणणारे लोक

१४ डिसेंबर २०१२, शुक्रवार. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात न्यूटाउन नावाचं गाव आहे. तिथल्या सँडी हुक प्राथमिक शाळेत सकाळी साडेनऊच्या सुमारास वीस वर्षांचा एक तरुण शिरला. शाळेचं दार आतून बंद होतं, म्हणून त्याने दाराशेजारची काच गोळ्या झाडून फोडली. हातात एआर-१५ जातीची रायफल, एका मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलला जोडायच्या गोळ्यांच्या खोक्यात, तीस गोळ्या. पाच मिनिटांच्या आत त्या रायफलमधून १५४ गोळ्या सुटल्या. पहिलीच्या वर्गातली २० मुलं गेली, सगळी सहा-सात वर्षांची. मुख्याध्यापिकेसह शाळेतल्या सहा जणीही गेल्या. शाळेकडे येण्याआधी त्याने घरी स्वतःच्या आईला मारलं होतं. रायफल तिचीच होती, दुकानातून रीतसर घेतलेली. शेवटी त्याने स्वतःलाही संपवलं.

इतकी लहान मुलं मेल्यावर आता तरी बंदुकांचे कायदे कडक होतील, असं अमेरिकेत अनेकांना वाटलं. वॉशिंग्टनमध्ये तसं काही झालं नाही. दुसरीकडे, महिनाभराच्या आतच लाखो लोक असे व्हिडिओ बघू लागले, ज्यांत म्हटलं होतं की त्या शाळेत कुणी मेलंच नाही, टीव्हीवर रडणारे आईबाप पैसे देऊन आणलेले नट आहेत आणि हा सगळा सरकारचा बनाव आहे. भारतात बसून हे वाचणाऱ्याला दोन वेगळी कोडी पडतात: एवढं होऊन कायदा का बदलत नाही, आणि मेलेल्या मुलांना खोटं ठरवण्याइतका निर्दयपणा लोकांत येतो कुठून? माझ्या मते दुसऱ्या कोड्याचं उत्तर पहिल्यात दडलेलं आहे, म्हणून आधी पहिलं सोडवू.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक हवी तर परवाना मागावा लागतो. का हवी ते सांगायचं, पोलीस चौकशी करणार, अधिकाऱ्याला पटलं तर मिळणार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. म्हणजे बंदूक ही सरकारने दिलेली सवलत, आणि ती का हवी हे नागरिकाने पटवून द्यायचं. अमेरिकेत ही मांडणी उलटी आहे. तिथे बंदूक हा नागरिकाचा मूळ हक्क, आणि तो का रोखायचा हे सरकारने पटवून द्यायचं.

हा हक्क १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतून येतो. तिचा आशय असा: स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुव्यवस्थित नागरी सेना आवश्यक असल्यामुळे, शस्त्रं बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा आणता येणार नाही. एकच वाक्य, पण त्याच्या दोन टोकांना धरून पिढ्यानपिढ्या रस्सीखेच चालली आहे. एक पक्ष म्हणतो, हक्क त्या नागरी सेनेपुरता होता आणि ती सेना आता इतिहासजमा झाली. दुसरा म्हणतो, हक्क ‘लोकांचा’ आहे, म्हणजे माझा, व्यक्तीचा. २००८ साली ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दुसऱ्या पक्षाच्या बाजूने कौल दिला. घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क ठरला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी त्याच निकालात हेही लिहिलं की हा हक्क अमर्याद नाही. गुन्हेगारांना बंदी, शाळा-सरकारी इमारतींत बंदी, विक्रीवर अटी, हे सगळं चालू शकतं. बंदूकवाले हा भाग विसरतात आणि त्यांचे विरोधक निकालाचा पहिला भाग विसरतात. २०२२ च्या ब्रुएन निकालाने हा हक्क घराबाहेरही नेला, तर २०२४ च्या रहिमी निकालाने घरगुती हिंसाचारात न्यायालयाने प्रतिबंध घातलेल्या माणसाकडून बंदूक काढून घेता येते असं सांगितलं.

पण कायद्याच्या मागे माणसं आहेत, आणि त्यांच्या मनात काय आहे हे समजून घ्यायला हवं. अमेरिकेच्या मोठ्या भागात शेजारचं घर मैलभर लांब असतं आणि पोलीस यायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. शिकार बापाकडून मुलाकडे येते. आणि त्याखाली एक खोल धारणा आहे: सरकार उद्या जुलमी होऊ शकतं, तेव्हा लोकांच्या हातात शस्त्र हवं. १९९२ साली आयडाहोतल्या रूबी रिज इथे आणि १९९३ साली टेक्ससमधल्या वेको इथे केंद्रीय यंत्रणांनी घातलेल्या वेढ्यांत माणसं मेली. वेकोत तर ७० हून अधिक, त्यात लहान मुलंही होती. दोन्ही प्रकरणांची सुरुवात शस्त्रविषयक गुन्ह्यांच्या आरोपांतून झाली होती. त्यामुळे ‘सरकारकडे बंदूकधारकांची यादी गेली की एक दिवस ते यादी घेऊन दाराशी येणार’ ही भीती त्या लोकांना पोकळ वाटत नाही. अशी राष्ट्रीय नोंदवही करायला १९८६ पासून कायद्यानेच मनाई आहे, तरी भीती जात नाही.

आकडेही बघू. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार अमेरिकेत नागरिकांकडे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, दर शंभर माणसांमागे १२० च्या वर. भारतासाठी तोच अंदाज शंभरामागे सुमारे पाच. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. खुनांतही रायफलपेक्षा पिस्तुलं कितीतरी जास्त वापरली जातात. म्हणजे शाळेतला गोळीबार हा एकूण मृत्यूंचा फार लहान भाग. वाद मात्र नेहमी शाळेतल्या गोळीबारानंतरच पेटतो आणि नेहमी एआर-१५ वर येऊन थांबतो. बंदुकांच्या बाजूने बोलणारे यावर बोट ठेवतात आणि त्यात तथ्य आहे. फक्त पुढचं वाक्य ते बोलत नाहीत: पाच मिनिटांत २६ जणांना मारायला तीस गोळ्यांचं मॅगझिन लागतं, आणि ते विकायचं की नाही हे ठरवता येतं. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं मोठी मॅगझिन आणि लष्करी धाटणीच्या अनेक रायफली नव्याने बनवण्या-विकण्यावर अमेरिकेत बंदी होती. मुदत संपली, पुन्हा कुणी वाढवली नाही.

सँडी हुकनंतर आठवडाभराने, २१ डिसेंबरला, नॅशनल रायफल असोसिएशन या बलाढ्य संघटनेचे प्रमुख वेन लापिएर पत्रकारांसमोर आले. बंदूकवाल्या वाईट माणसाला थांबवू शकतो तो फक्त बंदूकवाला चांगला माणूस, असं ते म्हणाले आणि प्रत्येक शाळेत सशस्त्र पोलीस ठेवण्याची मागणी त्यांनी केली. पुढच्या एप्रिलमध्ये सिनेटमध्ये एक अगदी मवाळ प्रस्ताव आला. अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना खरेदीदाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते, पण केंद्रीय कायद्यानुसार खासगी माणसाने दुसऱ्याला विकली तर ती तपासणी सक्तीची नाही. गन शो म्हणजे बंदुकांची प्रदर्शनं आणि ऑनलाइन जाहिरातींतून होणाऱ्या विक्रीला ती लागू करावी, एवढीच सूचना होती. मांडणारे दोघे, डेमोक्रॅट जो मँचिन आणि रिपब्लिकन पॅट टूमी, स्वतः बंदुकांच्या हक्काचे समर्थक. १७ एप्रिल २०१३ रोजी बाजूने ५४ मतं पडली आणि विरोधात ४६. तरी प्रस्ताव पडला, कारण सिनेटच्या रिवाजानुसार अडवणूक मोडायला ६० मतं लागतात. बहुमत होऊनही कायदा का बदलला नाही, याचं उत्तर या सहा मतांत आहे. कनेक्टिकट आणि न्यूयॉर्कने आपापले राज्य कायदे कडक केले, ते वेगळं.

याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. डिसेंबर २०१२ मध्ये एफबीआयच्या यंत्रणेकडे पार्श्वभूमी तपासणीसाठी सुमारे २७ लाख ८० हजार विनंत्या आल्या. तोवरच्या कुठल्याही महिन्यापेक्षा हा आकडा मोठा होता. मुलांचे अंत्यविधी चालू असताना लोक बंदुका घ्यायला दुकानांत रांगा लावत होते, कारण ओबामा आता बंदी आणतील ही भीती. बनावाचा सिद्धांत नेमका या भीतीच्या जमिनीत रुजला.

ज्याची पक्की श्रद्धा आहे की सरकार बंदुका काढून घ्यायला टपलेलं आहे, त्याच्यापुढे वीस मुलांचे मृत्यू येऊन उभे राहतात. हा त्याच्याविरुद्धचा सगळ्यात जड पुरावा. मुलं खरंच मेली असतील तर त्याला म्हणावं लागतं की ‘हो, भयंकर झालं, तरीही माझा हक्क मला हवा.’ बहुसंख्य बंदूकधारक हेच म्हणतात, आणि हे म्हणायला धैर्य लागतं. काहींना ते जमत नाही. मग सोपी वाट उरते: मुलं मेलीच नाहीत, आणि सरकारनेच कायदा आणण्यासाठी हे नाटक रचलं. एका दमात पुरावाही नाहीसा झाला आणि सरकारवरचा संशयही खरा ठरला. २०१३ च्या वसंतात फेअरली डिकिन्सन विद्यापीठाने घेतलेल्या जनमत चाचणीत चारातला एक अमेरिकन म्हणाला की सँडी हुकबद्दलची खरी माहिती दडवली जात आहे. हे सगळे काही ‘कुणी मेलंच नाही’ म्हणणारे नव्हते. पण त्या म्हणण्याला केवढी मोठी जागा मोकळी होती ते यातून दिसतं.

असा सिद्धांत कशाकशातून उभा राहतो, त्याचे नमुने जवळून बघू. पहिल्या काही तासांत माध्यमांनी खुन्याच्या थोरल्या भावालाच खुनी म्हणून जाहीर केलं. त्याची आई त्या शाळेत शिक्षिका होती असं सांगितलं, तेही चूक. शाळेमागच्या झाडीत पोलिसांनी एका माणसाला अडवलं होतं. त्याचा काही संबंध नव्हता म्हणून सोडून दिलं. घाईतल्या बातमीदारीत अशा चुका होतात आणि दुसऱ्या दिवशी सुधारल्या जातात. पण सिद्धांतवाल्यांच्या लेखी पहिली बातमी हीच ‘चुकून बाहेर पडलेलं सत्य’ आणि सुधारणा म्हणजे ‘सारवासारव’. मग झाडीतला माणूस दुसरा हल्लेखोर होतो.

यातला मला सगळ्यात बोलका वाटणारा नमुना एका सरकारी तक्त्याचा आहे. एफबीआय दरवर्षी गावागावांतल्या गुन्ह्यांची आकडेवारी छापते. २०१२ च्या तक्त्यात न्यूटाउनपुढे खुनांच्या रकान्यात शून्य आहे. हा तक्ता इंटरनेटवर हजारो वेळा फिरला: बघा, एफबीआयच म्हणते एकही खून झाला नाही! तक्ता खरा आहे, शून्यही खरं आहे. पण तपास कनेक्टिकट राज्य पोलिसांनी केला होता, त्यामुळे ते सगळे मृत्यू गावाच्या पोलिसांच्या नावावर न जाता राज्य पोलिसांच्या ओळीत नोंदले गेले. राज्य पोलिसांची आकडेवारी बघितली की सापडतात. याला फसवणूक म्हणावं की अडाणीपणा? सांगणाऱ्याला एक वेळ माहीत नसेल, पण खुलासा समोर आल्यावरही तोच तक्ता पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्याला माहीत असतं. तसंच गुगलच्या शोधात श्रद्धांजलीची काही पानं घटनेच्या आधीच्या तारखेची दिसत. गुगल पानांवरची तारीख अनेकदा चुकीची उचलतं, एवढंच कारण. ओबामांसोबतच्या फोटोत एक छोटी मुलगी दिसली, तर मेलेलीच मुलगी जिवंत फिरतेय असा गवगवा झाला. ती तिची बहीण होती.

इथे वाचक विचारेल, आणि विचारायलाच हवं, की सरकारच्या सांगण्यावर शंका घेऊच नये का? घ्यावी. २०२२ साली टेक्ससमधल्या युवाल्डीत शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. पोलिसांनी आधी सांगितलं की आपण तातडीने कारवाई केली. पालकांनी आणि पत्रकारांनी पिच्छा पुरवला तेव्हा बाहेर आलं की पोलीस आत शिरल्यापासून हल्लेखोराला ठार करेपर्यंत ७७ मिनिटं गेली होती, आणि वर्गाबाहेरच्या बोळात सशस्त्र पोलीस थांबून राहिले होते. तिथे शंका घेणारे बरोबर होते. या दोन शंकांत फरक काय? युवाल्डीच्या पालकांना उत्तर हवं होतं. व्हिडिओ मिळाला, नोंदी मिळाल्या, तसं त्यांचं म्हणणं नेमकं होत गेलं. सँडी हुकच्या वेळी मात्र एका बापाने आपल्या सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यूचा दाखला लोकांसमोर ठेवला, तर तो बनावट आहे म्हणून त्यावर पुस्तक निघालं. पुरावा दिल्यावर शंका कमी न होता पुरावा देणाराच आरोपी होत असेल, तर तिथे शोध संपलेला असतो.

या बापाला घरं बदलत राहावी लागली. फ्लोरिडातल्या एका बाईने त्याला जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. २०१७ साली तिला पाच महिन्यांची कैद झाली. त्याच राज्यातल्या एका विद्यापीठाच्या प्राध्यापकाने, तुमचा मुलगा खरंच होता याचा पुरावा द्या असं पत्र पाठवलं. विद्यापीठाने नंतर त्याला काढून टाकलं. दुसऱ्या एका बापाने न्यायालयात सांगितलं की लोकांनी आपल्या मुलाच्या कबरीची विटंबना केली आणि ती उकरण्याची धमकी दिली. ज्या आईबापांना शाळेतून पोराचं दप्तरही धड घरी आणता आलं नाही, त्यांना वर्षानुवर्षं हे सोसावं लागलं. हे लिहिताना राग आवरणं मला जमत नाही आणि तो आवरायची गरजही वाटत नाही.

या खोट्याला सगळ्यात मोठा कर्णा मिळाला तो अॅलेक्स जोन्सचा. टेक्ससच्या ऑस्टिन शहरातून ‘इन्फोवॉर्स’ नावाचा कार्यक्रम चालवणारा हा माणूस वर्षानुवर्षं सांगत राहिला की सँडी हुक हा बनाव आहे. त्याच कार्यक्रमात तो जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि संकटकाळासाठी साठवायचं सामान विकत असे. भीती जितकी जास्त, तितकं गिऱ्हाईक जास्त.

त्याला शिक्षा कशी झाली हे नीट समजून घ्यायला हवं, कारण त्याला तुरुंग झाला असं वाटू शकतं. तसं नाही. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्य फार व्यापक आहे. नुसतं खोटं बोलणं गुन्हा नाही. पण खासगी माणसावर खोटा आळ घेऊन त्याची बदनामी केली तर तो दिवाणी दावा लावू शकतो. ‘हा बाप नाही, नट आहे’ हा असाच आळ. २०१८ साली कुटुंबांनी टेक्सस आणि कनेक्टिकटमध्ये दावे दाखल केले. न्यायालयात मागितलेली कागदपत्रं देण्यात जोन्सने इतकी टाळाटाळ केली की २०२१ मध्ये न्यायाधीशांनी त्याला थेट जबाबदार धरलं. ज्यूरीने फक्त भरपाईची रक्कम ठरवायची होती. ऑस्टिनच्या सुनावणीत उघड झालं की त्याच्याच वकिलांनी चुकून त्याच्या फोनमधला मजकूर समोरच्या वकिलाला पाठवला होता. शपथेवर साक्ष देताना तो म्हणाला की ती घटना शंभर टक्के खरी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या ज्यूरीने ४ कोटी ९३ लाख डॉलर ठरवले. ऑक्टोबरमध्ये कनेक्टिकटच्या ज्यूरीने ९६ कोटी ५० लाख, आणि नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी वर ४७ कोटी ३० लाख दंडात्मक भरपाई.

बंदूक बनवणाऱ्यांची गोष्ट याला समांतर चालली होती. २००५ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार बंदुकीने गुन्हा झाला म्हणून कंपनीवर सहसा दावा लावता येत नाही. नऊ कुटुंबांच्या वकिलांनी वेगळी वाट काढली. रायफल बनवली हा दोष नाही, ती तरुणांना मर्दानगीचं चिन्ह म्हणून ज्या पद्धतीने विकली तो दोष, असं म्हणत त्यांनी कनेक्टिकटच्या अनुचित व्यापारविरोधी कायद्याचा आधार घेतला. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी दावा चालू दिला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रेमिंग्टन कंपनीच्या विमा कंपन्यांनी ७ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड केली. गंमत नव्हे, पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की जोन्सविरुद्धही कुटुंबांनी हाच कायदा वापरला होता: तू खोटं विकून माल खपवलास. तो भाग मात्र डिसेंबर २०२४ मध्ये अपिलात टिकला नाही आणि १५ कोटी डॉलर कमी झाले. बाकीची रक्कम कायम राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जोन्सचं अपील ऐकायला नकार दिला. त्याने २०२२ मध्येच दिवाळखोरी जाहीर केली होती, त्यामुळे एवढ्या मोठ्या आकड्यांतलं फार थोडं कुटुंबांच्या हाती पडलं आहे.

या निकालांनी बनावाचे सिद्धांत थांबले नाहीत. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत २०१८ साली १७ जण मेले, तेव्हा वाचलेल्या ज्या विद्यार्थ्यांनी कडक कायदे मागितले त्यांनाच नट ठरवलं गेलं. सँडी हुकनंतर केंद्रीय कायद्यात पहिला लक्षणीय बदल जून २०२२ मध्ये, युवाल्डीनंतर महिन्याभराने झाला: २१ वर्षांखालच्या खरेदीदाराची जास्त कसून तपासणी, धोकादायक व्यक्तीकडून बंदूक तात्पुरती काढून घेण्याच्या राज्य कायद्यांसाठी पैसा, मानसिक आरोग्यसेवेसाठी निधी. गन शोमध्ये आणि ऑनलाइन होणाऱ्या प्रत्येक विक्रीला तपासणी सक्तीची करणारी २०१३ सालची ती सूचना त्या कायद्यातही नव्हती.